दोनशे चाळीस नळ्या

खोका उघडला तेव्हा मनसारामला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा माल चुकून आपल्याकडे आला. वडसा स्टेशनावरून बैलबंडीत तो खोका कुरखेड्याच्या दवाखान्यात आला, त्यावर पत्ता मात्र बरोबर होता. आत लाकडाचा भुसा, भुशात बर्फाचे उरलेसुरले खडे आणि त्यांच्यामध्ये टिनाचे डबे. डब्यात काचेच्या नळ्या, तणसाच्या काडीएवढ्या बारीक. एका नळीत देवीच्या लसीचे दहा थेंब, म्हणजे दहा माणसांचे दंड. मनसारामनं नळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. दोनशे चाळीस.

मनसाराम हा दवाखान्याचा देवी टोचणारा. जातीनं ढिवर, मासोळी धरणाऱ्या घरचा, वाढला तलावाच्या पाळीवर, सातवी पास झाला आणि नोकरीला लागला. गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर टोचणी फिरवायची, रजिस्टरात नाव चढवायचं आणि महिन्याच्या शेवटी चांद्याच्या कचेरीत तक्ता पाठवायचा, हे त्याचं काम. तक्त्यात पाच रकाने. आलेली लस, वापरलेली, वाया गेलेली, शिल्लक आणि पुढची मागणी.

"मनसाराम, इकडे ये." डॉक्टर गुणवंतराव आपल्या खोलीतून म्हणाले. दवाखाना त्यांच्या ताब्यात होता. माणूस शिस्तीचा, रोज सकाळी घड्याळाला चावी देऊन मगच पहिल्या रोग्याला हात लावणारा. त्यांनी तक्त्याची ठेवलेली नक्कल टेबलावर पसरली. "मागणीच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"दोनशे चाळीस, साहेब. तेवढीच मानसं बाकी होती ना आपल्या यादीत."

"तो रकाना नळ्यांचा आहे. माणसांचा नाही."

मनसारामनं नक्कल हातात घेतली. अक्षर त्याचंच होतं, वळणदार आणि ठसठशीत. चोवीस मागायच्या होत्या. चोवीसशे माणसांची लस आली होती.

"परत धाडू का?"

"बर्फ संपला. वडशाहून आगगाडी, नागपूरला पोचेपर्यंत लसीचं पाणी होईल. थंडीचे दिवस आहेत म्हणून इथं सात दिवस टिकेल. आठवा दिवस मी धरत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुला ठाऊक आहे, या जिल्ह्यात अर्ध्या दवाखान्यांना महिना महिना एक नळी मिळत नाही. आणि मी लिहायचं, वाया गेल्या दोनशे सोळा."

मनसारामनं नक्कल खाली ठेवली. चूक लपवण्याजोगी नव्हती आणि ती कुणावर ढकलताही येत नव्हती. त्यानं बोटांवर हिशेब केला. पायी फिरून त्याचे दिवसाला चार टोले, म्हणजे वस्त्या, होत, पन्नास-साठ दंड. सात दिवसांत चारशे. बाकीचे दोन हजार तो कुठून आणणार होता?

दुपारी त्याची बायको गिरजा भाकरी घेऊन आली. ती चौथीपर्यंत शिकलेली, अंगानं चिपाड, बोलण्यात तिखट. नवऱ्यानं भाकरीला हात लावला नाही हे बघून तिनं काय झालं ते काढून घेतलं आणि पदराआड हसली.

"तू हासून काऊन राह्यली? माही नोकरी जाऊन राह्यली."

"आवो, तुमी घरोघर काऊन हिंडता? परवापासून मोहटोल्याले पट हाये. तीन दिवसाचा. सारा मुलूख तिथी येऊन राह्यला. तुमी तिथी जाऊन बसा. मानसं तुमच्याकडं येतीन."

आतल्या खोलीत डॉक्टरांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते दारात येऊन उभे राहिले. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, तिथं दारूही असते आणि मारामारीही होते, म्हणून ते कधी फिरकलेले नव्हते. "किती माणसं जमतात?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाई साहेब," गिरजा म्हणाली, "पन मांगच्या साली धुरळा आमच्या घरून दिसे."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. प्रत्येक दंडाचं नाव रजिस्टरात पाहिजे. प्रत्येक रिकामी नळी मोजून परत पाहिजे. फुटली तर तिचे तुकडे पाहिजेत. आणि नळी एकदा फोडली की दहाचे दहा थेंब माणसांच्या अंगात गेले पाहिजेत.

मोहटोल्याच्या तलावाखाली पटाची दाण आखली होती, म्हणजे बैल पळायची लांब सरळ वाट. दोन्ही बाजूंना बांबूचे कठडे, त्यामागं माणसंच माणसं. मनसारामनं पळसाच्या डहाळ्यांची सावली केली, टेबल लावलं, स्पिरिटचा दिवा पेटवला. टिनाचे डबे त्यानं मडक्यात ठेवून मडकं तलावाकाठच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलं आणि वर ओलं पोतं टाकलं. त्याचा बाप मासोळी अशीच ठेवायचा, सकाळची मासोळी दिवस मावळेतो ताजी. एका वेळी दोनच नळ्या वर काढायच्या, असं त्यानं ठरवलं.

दोन तास कुणी आलं नाही. लोक लांबून बघत आणि भज्यांच्या दुकानाकडे वळत. एका म्हातारीनं तर टेबलाला हात जोडले आणि माता कोपेल म्हणून वाट बदलली. गिरजा रजिस्टर उघडून बसली होती. पहिलं पान कोरं.

मग डोमा आला. डोमा मोहटोल्याचा धुरकरी, छकडा हाकणारा, पंचक्रोशीत त्याचं नाव. मांड्या सागाच्या खोडासारख्या, मिशी कानाला टेकलेली. त्याची जोडी नुकतीच पहिली आली होती आणि कासऱ्यानं त्याचा तळहात सोलला होता. तो औषध मागायला आला. मनसारामनं हात धुऊन औषध लावलं.

"भाऊ, देवी टोचून घेतल्या काय?" गिरजानं विचारलं.

"मले काय होते बाई. मी वाघासमोर उभा राह्यलो हावो."

"मंग इथी बी राहा की उभे."

मागं चार माणसं जमली होती. डोमाला माघार घेता येईना. त्यानं अंगातल्या बंडीची बाही वर सारली आणि दंड पुढं केला. मनसारामनं टोचणी दिव्यावर धरली, थंड होऊ दिली, लसीचा थेंब दंडावर ठेवला. टोचणी कातडीवर जेमतेम फिरली असेल. डोमानं तिच्याकडे पाहिलं, त्याचे डोळे वर गेले आणि तो उभाच्या उभा मागं पडला. टेबल वाचलं, सावलीचा एक खांब गेला.

पटावरचं सगळं हसू तिकडे धावत आलं. डोमाच्या तोंडावर पाणी मारेपर्यंत शंभर माणसं गोळा झाली होती, आणि त्यांत कोलू होता. कोलू शेजारच्या भुरटोल्याचा धुरकरी, डोमाचा जुना वैरी, सकाळीच त्याच्याकडून हरलेला. त्यानं बंडी काढूनच टाकली.

"मले टोचा भाऊ. आन् मोहटोलेवाल्यायले पाहू द्या."

त्याला टोचलं. तो शीळ वाजवत उभा राहिला. नंतर त्यानं दुसराही दंड पुढं केला, तेव्हा गिरजा म्हणाली, "एका मानसाले एकच. सरकारी माल हाये."

मग भुरटोल्याची माणसं रांगेत लागली, कारण त्यांचा कोलू पडला नव्हता. मोहटोल्याची माणसं रांगेत लागली, कारण त्यांचा डोमा पडला होता. डोमा स्वतः शुद्धीवर येऊन रांगेच्या तोंडाशी बसला आणि आपल्या गावातल्या प्रत्येकाला दम देऊ लागला, पडायचं नाही म्हणून. ज्यांना कुणाशी काही सिद्ध करायचं नव्हतं तेही रांग दिसली म्हणून लागले.

अडचण दहाच्या आकड्याची होती. संध्याकाळी रांग ओसरली तेव्हा नऊच माणसं उरली. मनसारामनं नळी हातात धरली आणि तो थांबला.

"दहा झाल्याबिगर नळी फुटनार नाई," गिरजानं सांगितलं.

नऊ माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग ती उठली आणि दहावा शोधायला धावली. पाच मिनिटांत त्यांनी एका कासाराला बांगड्यांच्या पेटीसकट उचलून आणलं. तो पलीकडच्या टोल्यावरचा होता, पट बघायलाही आला नव्हता, नुसता रस्त्यानं जात होता. त्याला टोचलं. त्यानं विचारलं, "हे कायचं हाये?" समजल्यावर तो म्हणाला, माझ्या बायकोला पण पाहिजे होतं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला आणायचं कबूल करून गेला.

त्या दिवशी एक्केचाळीस नळ्या गेल्या. घरी जाताना मनसारामचा हात कोपरापासून बधिर झाला होता आणि पाय जमिनीला लागत नव्हते. "गिरजे," तो म्हणाला, "चारशे दहा. एका दिवसात चारशे दहा."

"नावं मी लिवली," गिरजा म्हणाली. "मले ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी पटाचे कारभारी भैयाजी पाटील यांनी ते काम आपल्या भोंग्यावर घेतलं. टिनाचा लांब भोंगा तोंडाला लावून ते जोड्यांची नावं पुकारत, किती सेकंदात कोण आलं ते सांगत. आता ते दोन शर्यतींच्या मध्ये म्हणू लागले, "देवीच्या टेबलावरून खबर. मोहटोला एकशे वीस. भुरटोला एकशे चौतीस. मोहटोलेवाले काय करून राह्यले?" मग मोहटोल्यातून बैलबंड्या भरून माणसं आली. बायका आल्या. धान कांडायचं टाकून आल्या, अंगाला कोंडा तसाच. कालची म्हातारी पण आली, आणि मातेला आधी नारळ फोडून आले म्हणाली.

दुपारी डॉक्टर गुणवंतराव सायकलवरून तपासणीला आले. गर्दी बघून ते सायकल हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी मडकं पाहिलं, वाळूत हात घालून गारवा पाहिला, रिकाम्या नळ्या मोजल्या, रजिस्टराशी पडताळल्या. बरोबर निघाल्या. मग त्यांनी कोट काढला, घडी केली, ठेवायला जागा मिळेना म्हणून डोमाच्या खांद्यावर टाकला आणि दुसरी टोचणी दिव्यावर धरली.

"साहेब, तुमी?" मनसाराम म्हणाला.

"बोलू नकोस. पुढचा दंड."

थोड्या वेळानं गिरजाला संशय आला. भुरटोल्याचा एक माणूस तिनं तीनदा पाहिला होता, तीन वेगळ्या नावांनी. तिनं त्याच्या बाह्या वर केल्या. एका दंडावर कालचं टोचणं, दुसऱ्यावर सकाळचं आणि त्याच्या खाली आत्ताचं.

"काऊन हो भाऊ?"

"गावाचा आकडा वाढून राह्यला बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "आमच्या घरचे सारे झाले. मंग मीच फिरून येतो."

गिरजानं त्याची दोन नावं खोडली आणि बाजूला बारीक अक्षरात खरी गोष्ट लिहिली. डॉक्टरांनी पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढून दिली. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत मत दिल्यावर बोटाला शाई लावत, तसं तिनं टोचलेल्याच्या अंगठ्याला जांभळं लावायला सुरुवात केली. त्यामुळे लबाडी थांबली, पण भलतंच सुरू झालं. जांभळा अंगठा ही मिरवायची गोष्ट झाली. ज्याचा अंगठा पांढरा त्याला भजी मिळेनात. एका नवरदेवाला, जो वरातीसकट पट बघायला थांबला होता, नवरीकडच्यांनी अंगठा दाखवल्याशिवाय बंडीत बसू दिलं नाही. मग सगळी वरात रांगेत लागली, वाजंत्रीवाल्यांसकट, आणि ज्याचं टोचून होई तो परत जाऊन वाजवू लागे. डॉक्टर त्या तालावर टोचू लागले. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच तालावर सुरू झाले.

त्या दिवशी एकशे चार नळ्या गेल्या. तीन फुटल्या. गिरजानं तिन्हींचे तुकडे पुडीत बांधले.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मनसारामनं मडक्यात हात घातला. एक डबा लागला. तो त्यानं उघडला, आणि त्यात एकच नळी होती. त्यानं मडकं उपडं केलं. वाळूत बोटं फिरवली. काहीच नव्हतं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "लस संपून राह्यली."

रांगेत अजून दोनशेवर माणसं होती. भैयाजींनी तोवर भोंग्यावरून सांगून टाकलं होतं की मोहटोला आणि भुरटोला बरोबरीत आहेत, प्रत्येकी तीनशे अठ्ठ्याऐंशी. दोन्ही गावं टेबलाभोवती सरकली. डोमा एका बाजूला, कोलू दुसऱ्या बाजूला. दोघांच्या हातात तुतारी होती, म्हणजे बैल हाकायची काठी, आणि दोघांचंही हसू गेलं होतं.

"पाच आमचे, पाच त्यायचे," कोलू म्हणाला.

"पट मोहटोल्याचा हाये," डोमा म्हणाला. "सहा आमचे."

डॉक्टरांनी मनसारामकडे पाहिलं. मनसारामनं नळी उजेडाकडे धरली होती. तीन दिवस तो पळत्या बैलासारखा होता, आता पहिल्यांदा तो उभा राहिला. आतले थेंब त्याला दिसत होते, आणि त्याला त्याची धाकटी बहीण आठवली, जी वर्षाची असताना देवीत गेली. त्या साली टोचणारा त्यांच्या टोल्यापर्यंत पोचला नव्हता.

"ही नळी गावाची नाई," तो म्हणाला. "ज्या लेकराले वरीस नाई भरलं, त्याची हाये. कोन्त्या बी गावचं असो. दहा लेकरं आना."

मग डोमानं तुतारी खाली टाकली आणि गर्दीत शिरला. कोलू दुसऱ्या बाजूनं शिरला. ते दोघं तान्ही मुलं शोधत भज्यांच्या दुकानापासून दाणीच्या टोकापर्यंत धावले, आणि त्यांच्यामागं दोन्ही गावं धावली. लेकरं आली, आयांच्या कडेवर, आज्यांच्या पदरात, एक तर कोलूच्याच हातात, आणि लेकराची आई मागून कोलूला शिव्या देत. दहा लेकरं सात गावची निघाली. धीट माणसं जिथं पडली तिथं ती फक्त रडली, सगळी एकदम, आणि त्या गलक्यात भैयाजींचा भोंगासुद्धा ऐकू येईना. नववं लेकरू डोमानं आपल्या मांडीवर धरलं होतं. टोचताना डोमानंच डोळे मिटून घेतले होते.

बाकीच्या माणसांची नावं गिरजानं वेगळ्या कागदावर लिहून घेतली, पुढची लस आली की त्यांचा नंबर पहिला. तो कागद मोठा झाला.

डॉक्टरांनी तक्ता स्वतः भरला. आलेल्या नळ्या दोनशे चाळीस. वापरलेल्या दोनशे सदतीस. फुटलेल्या तीन. वाया गेलेली काही नाही. शिल्लक काही नाही. टोचलेली माणसं दोन हजार तीनशे अडुसष्ट, आणि एका माणसाला तीनदा टोचल्याचा खुलासा. मागणीचा रकाना त्यांनी मनसारामकडून तीनदा वाचून घेतला.

कचेरीत त्या तक्त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. तीन दिवसांत एका दवाखान्यानं एवढी लस संपवली, असं कुणी ऐकलं नव्हतं. पटानंतर नवव्या दिवशी एक तपासनीस आले. बारीक चणीचे, टोपी घट्ट बसवलेले, तोंडावर काही न दाखवणारे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर उघडलं, डोळे मिटून दहा ठिकाणी बोट ठेवलं आणि ती नावं उतरवून घेतली. या दहांचे दंड बघायचे, म्हणाले. आजचा उरलेला दिवस एवढाच हातात आहे.

नावं पाच गावची होती. पायवाटेनं दोन दिवस लागले असते. मनसारामनं निरोप धाडला आणि तासाभरात दवाखान्यासमोर दोन छकडे येऊन उभे राहिले, एक डोमाचा, एक कोलूचा.

"एका छकड्यात बसू की आपण," तपासनीस म्हणाले.

"एकाच मानसाची जागा हाये साहेब," डोमा म्हणाला. "घट धरून बसजा."

पुढचं मनसारामला तुकड्यातुकड्यांनी आठवे. तो कोलूच्या छकड्यात होता, दोन्ही हातांनी दांडी धरून. बैल सुटले तेव्हा पळसाची झाडं एकमेकांत मिसळली. डाव्या बाजूला डोमाचा छकडा, त्यात तपासनीस, टोपी दातांत धरलेली. सुकलेल्या भातखाचरांच्या बांध्यांमधून दोन्ही छकडे उडत गेले, धानाच्या धसकटांवरून, आणि मोहटोल्याच्या पाळीवर बायकांनी ते बघून ओरडायला सुरुवात केली. मोहटोल्यात सगळं गाव बाह्या वर करून उभं होतं. तपासनिसांनी उतरताना खांब धरला. डोकं फिरत होतं. त्यांना दोन नावं हवी होती, पण गावानं त्यांना सगळे दंड दाखवले. प्रत्येकावर लस धरल्याचा टपोरा फोड, कुणाचा पिकलेला, कुणाचा खपली धरू लागलेला. एक म्हातारी आपला फोड दाखवून म्हणाली, पाहा, माता इथंच बसली, तोंडावर नाही आली.

दिवस कलायच्या आत पाचही गावं झाली. नऊ दंड त्यांनी पाहिले, नऊही लागलेले. दहावा तो कासार होता आणि तो पेटी घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता. तपासनिसांनी शेवटच्या गावात, कोलूच्या अंगणात बसून, रजिस्टरावर शेरा लिहिला. हात अजून हलत होता म्हणून अक्षर वाकडं आलं. काम खरे आहे, लस वाया गेलेली नाही, असं त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली.

त्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या गावांत देवीची साथ आली. अलीकडच्या टोल्यांत दोन माणसांना देवी निघाल्या, दोघंही पटाच्या दिवशी बाहेरगावी होती, आणि दोघंही वाचली. पण ही पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी गिरजा बंडीनं मागून येऊन पोचली, रजिस्टर न्यायला. तपासनिसांनी तिच्याकडे रजिस्टर दिलं, पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, टोपी डोक्यावर बसवली, काढली, आणि घडी करून खिशात घातली.

"साहेबायसाठी बंडी जुंपू काय?" मनसारामनं विचारलं. "आरामात पोचान."

"नको," तपासनीस म्हणाले. ते अंगणाबाहेर, जिथं दोन्ही छकडे उभे होते, तिकडे बघत होते. "मघाशी आपण किती अंतरानं हरलो?"

"दोन हात साहेब," डोमा म्हणाला. "पाळीवर तुमी उजवीकडं झुकले म्हनून."

"आता नाही झुकणार," ते म्हणाले आणि डोमाच्या छकड्यात चढले.